डार्क बिअर घातलेला बीफ स्ट्यू कडू का होतो?

लुव्हनवासी यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही कामानिमित्त बेल्जियममधील लुव्हन येथे राहतो. येथील फ्राइजच्या टपऱ्यांवर तळलेल्या बटाट्यांच्या ढिगावर गोमांसाचा जो दाट, तपकिरी, किंचित गोड आणि तितकाच किंचित आंबट रस्सा ओतून देतात, त्या स्टोफव्लेसची आम्हा दोघांनाही चटक लागली आहे. फ्रेंचभाषक भागात त्यालाच कार्बोनाड फ्लामांद म्हणतात. पुढच्या महिन्यात सहा जणांचे जेवण आहे आणि त्या दिवशी हाच पदार्थ करावा असे मनात आहे. परंतु सराव म्हणून केलेली पहिली खेप पाहुण्यांपुढे ठेवण्याजोगी झाली नाही, म्हणून जाणकारांना विचारत आहे.

दीड किलो मांसाचे लहान तुकडे करून लोण्यावर परतले, दोन कांदे घातले, थोडा मैदा भुरभुरला आणि सुमारे एक लिटर काळीभोर स्टाउट बिअर ओतून, रस्सा पातळ वाटत होता म्हणून झाकण न ठेवता दोन तास उकळू दिले. रंग अप्रतिम आला. चव मात्र जिभेच्या मुळाशी करपलेल्या कॉफीसारखी कडू राहिली, आणि चार चमचे ब्राउन शुगर घातल्यावर ती कडूही राहिली आणि वर गोडही झाली. मांस चरबी नसलेले, स्वच्छ लाल आणि चांगले महाग असे घेतले होते. ते वातड आणि कोरडे निघाले.

बिअर कोणती घ्यावी, मांस कोणत्या भागाचे असावे, आणि भारतातून आणलेला प्रेशर कुकर येथे वापरता येईल का, हे कृपया सांगावे. पाहुण्यांपैकी एक जण मद्य घेत नाहीत. इतका वेळ शिजवल्यावर अल्कोहोल उडून जातो असे ऐकले आहे, ते कितपत खरे आहे?

गेंटनिवासी यांचे उत्तर

आपण कृतीचा तपशील नीट दिल्यामुळे निदान सोपे आहे. कडूपणा दोन ठिकाणांहून आला: एक, स्टाउटमधून, आणि दोन, झाकण न ठेवता आटवण्यामुळे. बिअरमधला कडूपणा मुख्यतः हॉप्सचा, म्हणजे तिच्यात घालतात त्या एका वेलीच्या कडू फुलांचा, असतो आणि स्टाउटमध्ये त्यात काळपट भाजलेल्या धान्याच्या कडूपणाची भर पडते. हे कडू घटक वाफेबरोबर निघून जात नाहीत. पाणी जाते आणि ते मात्र भांड्यातच राहतात, त्यामुळे एक लिटर बिअर आटून अर्धा लिटर झाली की तेवढाच कडूपणा निम्म्या रश्श्यात मावतो. ग्लासात जी बिअर सुखद कडसर लागते, तीच पातेल्यात असह्य होते ती यामुळेच.

म्हणून बिअर निवडताना तिच्या रंगाकडे पाहू नये, तिच्यात हॉप्स किती जाणवतात हे पाहावे. स्टोफव्लेसचा रंग बिअरपेक्षा खरपूस भाजलेल्या मांसातून आणि कांद्यातून अधिक येतो. फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या डचभाषक भागात, या पदार्थाला लागणाऱ्या बिअर साधारण दोन घराण्यांतल्या आहेत. पहिले घराणे आंबट-तपकिरी बिअरचे: औडेनार्डेची लीफमान्स किंवा रुसेलारेची रोडेनबाख. रोडेनबाखमध्ये मोठ्या ओक-पिंपांत मुरवलेली जुनी बिअर ताज्या बिअरमध्ये मिसळतात, त्यामुळे तिला व्हिनेगरच्या जवळ जाणारा आंबटपणा असतो आणि हॉप्स जवळजवळ जाणवत नाहीत. दुसरे घराणे मठांच्या परंपरेतल्या डुब्बल बिअरचे. त्यातली वेस्टमाले डुब्बल ७ टक्क्यांची असून तिच्यात मनुका आणि जळक्या साखरेच्या अंगाने जाणारा गोडवा असतो. माझे मत विचाराल तर पहिल्यांदा डुब्बलच घ्यावी. आंबट बिअरबरोबर साखरेचा मेळ बसवायला हात सरावलेला असावा लागतो.

दीड किलो मांसाला ३३ सेंटिलिटरच्या दोन बाटल्या पुरेशा आहेत. उरलेला द्रव म्हणून ३०० ते ४०० मिलिलिटर बीफ स्टॉक घालावा आणि तो कमी मिठाचा असावा, कारण विकतच्या स्टॉकच्या वड्या खारट असतात आणि रस्सा थोडा जरी आटला तरी मीठ वर येते. द्रव मांसाच्या माथ्याशी येईल इतकाच असावा. मांस त्यात पोहू लागले की तो आटवण्याचा मोह होतो आणि पुन्हा तेच दुखणे मागे लागते.

आता मांसाविषयी. स्वच्छ, लाल, बिनचरबीचे आणि महाग ही आपण दिलेली चारही विशेषणे स्ट्यूला मारक आहेत. जनावराचे जे स्नायू दिवसभर राबतात, म्हणजे खांदा, मान, गाल आणि नळी, त्यांच्यात कोलॅजनचे पांढरे पापुद्रे आणि शिरा भरपूर असतात. ७० अंशांच्या पुढे, आणि पुरेसे तास मिळाले तरच, हे कोलॅजन विरघळून त्याचे जिलेटिन होते. रश्श्याला ओठांना चिकटणारा दाटपणा येतो तो त्यातूनच. बिनचरबीच्या तुकड्यात विरघळायलाच काही नसते. त्याचे तंतू आक्रसतात, आतले पाणी पिळून बाहेर टाकतात आणि पुढे कितीही शिजवले तरी कोरडेच राहतात. येथील खाटकाकडे आणि सुपरमार्केटमध्ये ‘स्टोफव्लेस’ अशी चिठ्ठी लावलेली पाकिटे असतात, पण त्यांत कधी कधी दोन-तीन भागांचे तुकडे एकत्र असतात आणि ते एका वेळी शिजत नाहीत. खाटकाला सांगून खांद्याचा एकच अखंड तुकडा घ्यावा किंवा गालाचे मांस मागावे, आणि घरी त्याचे ४ ते ५ सेंटिमीटरचे तुकडे करावेत. ते शिजून बरेच लहान होतात. आधीच लहान कापले तर शेवटी रश्श्यात नुसता चुरा उरतो.

तुकडे कागदाने टिपून कोरडे करावेत आणि बिडाच्या जड पातेल्यात, लोणी व थोडे तेल एकत्र तापवून, थोडे थोडे करून भाजावेत. एकदम सगळे घातले तर मांसाला पाणी सुटते आणि ते भाजले जाण्याऐवजी त्या पाण्यात उकडले जाते. प्रत्येक तुकडा निदान दोन बाजूंनी गडद तपकिरी झाल्याशिवाय काढू नये. तळाशी जो तपकिरी थर चिकटतो तो जपावा, पण काळा होऊ देऊ नये. काळा झालाच तर भांडे धुऊन पुढे जावे, कारण तोही कडूपणा रश्श्यातच उतरतो.

दोन कांदे फारच कमी आहेत. दीड किलो मांसाला पाऊण किलो कांदा उभा चिरून त्याच भांड्यात, मंद आचेवर, चिमूटभर मीठ घालून अर्धा-पाऊण तास परतावा. आपल्याकडे मटणाच्या वाटणासाठी कांदा ज्या रंगावर आणतात त्याच्या थोडा अलीकडे थांबावे. हा कांदा पुढे पूर्ण विरघळतो आणि बिअरच्या कडूपणाला सर्वांत मोठा उतारा तोच असतो, साखर नंतरची.

मग बिअर ओतून तळाचा थर खरवडून घ्यावा, फेस बसू द्यावा, मांस, स्टॉक, दोन तमालपत्रे आणि थाईमच्या काही काड्या घालाव्यात. येथे मिळणारे तमालपत्र आपल्या मसाल्यातल्या तमालपत्रापेक्षा वेगळ्या झाडाचे असते, तेच घ्यावे. आपल्या पानाला दालचिनीचा वास असतो. यानंतर खरा फ्लेमिश भाग येतो. पावाच्या एक-दोन जाड कापांना मोहरीचा सॉस सढळ हाताने फासून ती बाजू खाली करून रश्श्यावर ठेवावी. गेंटमध्ये त्यासाठी टिरेन्टाइनची तिखट मोहरी वापरतात. ती नसेल तर कोणतीही झणझणीत, गोडसर नसलेली मोहरी चालते. अर्ध्या तासाने पाव फुगून बुळबुळीत झालेला दिसतो आणि काही तरी बिघडले आहे असे वाटते. तसे काही नसते. एकदा ढवळले की तो नाहीसा होतो आणि रस्सा दाट व तुकतुकीत होतो. साध्या पावाऐवजी पेपरकूक या मसालेदार गोड पावाचे काप घालणारेही पुष्कळ आहेत. ते घातले तर साखर घालू नये. मैद्याची मग गरज उरत नाही.

झाकण लावून १५० अंशांच्या ओव्हनमध्ये तीन तास ठेवावे. गॅसवर किंवा इंडक्शनवर करायचे असल्यास पृष्ठभागावर मधूनच एखादा बुडबुडा यावा इतकीच आच असावी; रटरटू देऊ नये. शेवटी एक चमचा ब्राउन शुगर किंवा लीएजचा सफरचंद-नासपतीचा काळा पाक, आणि एक चमचा व्हिनेगर घालून चव पाहावी. गाजर आणि बटाटा आत घालण्याचा विचार मनात आणू नये. तो मग आयरिश पदार्थ होतो.

डब्लिनकर यांचे उत्तर

गेंटनिवासी यांची कृती उत्तम आहे, शेवटचा टोमणा मात्र परत घ्यावा लागेल. मूळच्या आयरिश स्ट्यूमध्ये मेंढीचे मांस, बटाटा आणि कांदा असतो, बिअर नसते. बीफ आणि गिनेस या आयरिश स्टाउटचा स्ट्यू हा त्याहून वेगळा पदार्थ आहे आणि येथील घरांत व पबमध्ये तो तितकाच मुरलेला आहे. हे सांगण्याचे कारण असे की स्टाउट वापरली म्हणून स्ट्यू कडू झालाच पाहिजे असे मुळीच नाही.

सन १७५९ पासून डब्लिनच्या सेंट जेम्सेस गेटला असलेल्या गिनेसच्या स्टाउटचा काळा रंग आणि कॉफीच्या जातीचा कडूपणा भाजलेल्या जवामुळे येतो. त्यामुळे आमच्याकडे प्रमाण उलटे असते: द्रवाचा एक तृतीयांश भाग स्टाउट आणि दोन तृतीयांश स्टॉक. दीड किलो मांसाला एक मोठा कॅन रग्गड होतो. त्यात गाजर आणि पार्सनिप (गाजरासारखे फिकट पांढरे कंद) मोठ्या तुकड्यांनी पडतात, आणि त्या केवळ भरीच्या भाज्या नसतात. पार्सनिपमध्ये बरीच साखर असते आणि ती रश्श्यात हळूहळू उतरते. काही जण चार-सहा सुके आलूबुखारही घालतात. वरून चमचाभर साखर घालून जे साधत नाही ते यातून साधते, कारण हा गोडवा रश्श्यात मुरतो, वर तरंगत नाही.

खरेदीच्या वेळी एवढेच पाहावे की कॅन नेहमीच्या ४.२ टक्क्यांच्या ड्राफ्टचा आहे. त्याच कंपनीची ७.५ टक्क्यांची फॉरेन एक्स्ट्रा स्टाउट प्यायला मोठी भारदस्त आहे, पण तिच्यात हॉप्सही जास्त असतात आणि स्ट्यूमध्ये ती आटोपणे अवघड जाते.

कडू झालेल्या खेपेविषयी: साखर वाढवत जाण्यापेक्षा आधी मीठ पाहावे. मीठ कडूपणा दबवते आणि बरेचदा स्ट्यूला तेच कमी पडलेले असते. त्यानेही भागले नाही तर बिनमिठाचा स्टॉक व परतलेला कांदा घालून रस्सा वाढवावा. कडूपणा काढून टाकण्याचा मार्ग नाही, तो अधिक रश्श्यात पसरवावा लागतो.

वसईचा यांचे उत्तर

कुकरविषयी सांगतो, कारण आमच्या घरी हाच पदार्थ कुकरमध्ये होतो, आणि तोही म्हशीच्या मांसाचा. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनंतर गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे येथे बाजारात मिळते ते म्हशीचे किंवा रेड्याचे. ते रंगाने गडद आणि तंतूंनी भरड असते, आणि तंतूंमध्ये चरबी कमी असते. त्यामुळे आम्ही नळीचे मांस घेतो आणि भाजताना लोणी थोडे सढळ ठेवतो. आपल्याला तेथे गोमांस मिळते आहे, तेव्हा गेंटनिवासींनी सांगितलेला खांदा किंवा गालच घ्यावा. कुकरची रीत मात्र दोन्हींना सारखीच आहे.

मांस भाजणे आणि कांदा परतणे ही कामे कुकरच्याच भांड्यात, पण झाकणाशिवाय, सावकाश करावीत. तेथे घाई केली तर कुकर ती उणीव भरून काढत नाही. बिअर ओतल्यावर ती जोरात फसफसते. फेस पूर्ण बसेपर्यंत आणि त्यानंतरही पाच-दहा मिनिटे ती उघडीच उकळू द्यावी, नाही तर फेस वाफेच्या नळीत चढून शिट्टी तुंबण्याचा धोका असतो. याच कारणाने कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये. द्रव ओव्हनच्या कृतीपेक्षा कमी घ्यावा, कारण बंद कुकरमधून फारसे काही आटत नाही आणि मांसालाही पाणी सुटते. पहिल्या शिट्टीनंतर आच अगदी बारीक करून ४० मिनिटे ठेवावे. वाफ आपोआप जिरू द्यावी. शिट्टी उचलून वाफ एकदम काढली तर आतला रस्सा भसकन उकळतो आणि शिजलेले तुकडे फाटतात.

मोहरी फासलेला पाव कुकरमध्ये घालू नये. तो तळाशी बसून करपतो. झाकण उघडल्यावर पाव घालून वीस मिनिटे मंद आचेवर उघडेच ठेवावे. व्हिनेगरच्या जागी आम्ही घरचा माडीचा सिरका घालतो. तो सौम्य असतो आणि मोहरीशी चांगला जुळतो, पण लुव्हनमध्ये त्याच्यासाठी वणवण करण्याचे कारण नाही.

एक फरक मान्य केला पाहिजे. कुकरच्या रश्श्याला ओव्हनच्या रश्श्याची खोली येत नाही. ओव्हनमध्ये पातेल्याच्या कडांना रस्सा तीन तास हळूहळू तपकिरी होत राहतो, तो भाग येथे नसतो. सहा जणांचे जेवण आहे आणि सुट्टीचा दिवस आहे, तेव्हा मी आपल्या जागी असतो तर ओव्हनच लावला असता.

मोजूनमापून यांचे उत्तर

अल्कोहोलच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही. तो पूर्ण उडून जातो हा समज चुकीचा आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यानुसार, द्रवात मिसळून मंद उकळलेल्या पदार्थात अर्ध्या तासाने सुमारे ३५ टक्के, एका तासाने २५ टक्के, दोन तासांनी १० टक्के आणि अडीच तासांनी ५ टक्के अल्कोहोल शिल्लक राहतो. भांडे किती रुंद आहे आणि झाकण किती घट्ट आहे यावर हे आकडे बरेच हलतात. घट्ट झाकणाखाली किंवा कुकरमध्ये जास्त उरणार हे उघड आहे.

७ टक्क्यांच्या दोन बाटल्यांत, म्हणजे ६६० मिलिलिटर बिअरमध्ये, साधारण ४६ मिलिलिटर अल्कोहोल असतो. त्याचा ५ टक्के म्हणजे संपूर्ण पातेल्यात दोन-सव्वादोन मिलिलिटर, आणि सहा जणांत वाटला तर प्रत्येकाच्या ताटात अर्धा मिलिलिटरही येत नाही. झाकणामुळे याच्या तिप्पट उरला असे धरले तरी त्याने कोणाला काही चढणार नाही. पण मद्य न घेण्याचे कारण धर्म, व्रत, औषध किंवा सोडलेले व्यसन यांपैकी काही असेल, तर प्रश्न मिलिलिटरचा राहत नाही आणि तो यजमानाने परस्पर सोडवू नये. पाहुण्यांना आधी सांगावे. हवे तर त्यांच्यासाठी लहान पातेल्यात वेगळा भाग स्टॉक, थोडा सफरचंदाचा रस आणि एक चमचा व्हिनेगर घालून करावा; मोहरीचा पाव आणि कांदा तोच असल्यामुळे तो भाग बापुडवाणा वाटत नाही. बाजारातल्या अल्कोहोलविरहित ब्राउन बिअरनेही काम होते, परंतु बाटलीवर ०.० लिहिले आहे की ०.५, हे वाचून घ्यावे.

लुव्हनवासी

सर्वांचे मनापासून आभार. पाहुण्यांना आजच विचारते. बिअर डुब्बल, मांस खांद्याचे आणि शिजवणे ओव्हनमध्ये, असे ठरवले आहे. आदल्या दिवशी करून ठेवले तर चालेल का, आणि फ्राइज घरी करणे शक्य आहे का, एवढे दोनच प्रश्न उरले आहेत.

गेंटनिवासी

आयरिश स्ट्यूविषयीचा टोमणा परत घेतो; पार्सनिपविषयीचे मत राखून ठेवतो.

आदल्या दिवशीच करावे. रात्रभरात मांस रस्सा धरते, मोहरीचा तिखटपणा बसतो आणि वर गोठलेली चरबी सकाळी चमच्याने सहज काढता येते. मात्र बिडाचे पातेले तासन्‌तास गरम राहते, म्हणून स्ट्यू दोन उथळ भांड्यांत काढून निववावा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी मंद आचेवर गरम करताना घट्ट वाटला तर गरम स्टॉक घालावा. बिअर घालू नये. त्या टप्प्यावर घातलेली बिअर कच्ची लागते, आणि मोजूनमापून यांचा सगळा हिशेबही बिघडतो. साखर आणि व्हिनेगर त्याच वेळी, वाढण्याआधी, चव पाहून घालावे. आदल्या रात्री नेमकी वाटलेली चव सकाळी तशी राहत नाही.

फ्राइज घरी अवश्य होतात. बिंत्ये जातीचा बटाटा घ्यावा, सेंटिमीटरभर जाड कापावा, धुऊन कापडावर पूर्ण कोरडा करावा. पहिल्यांदा १४० ते १५० अंशांवर, रंग न येऊ देता, आतून मऊ होईपर्यंत तळावा आणि निदान अर्धा तास निवू द्यावा. हे काम पाहुणे येण्यापूर्वी उरकते. दुसऱ्यांदा १८० अंशांवर, दोन-तीन मिनिटे, ताटे मांडल्यावरच तळावा. जुन्या टपऱ्या यासाठी गोवंशाची चरबी वापरतात आणि ती येथे दुकानात विटेच्या आकारात मिळते, पण घरभर दोन दिवस वास राहतो. बंद खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये शेंगदाण्याचे तेल बरे. एका वेळी दोन मुठींपेक्षा जास्त घालू नयेत, तेल थंड पडते. सहा जणांसाठी म्हणजे चार-पाच घाणे होतील, तेव्हा तळायला एक माणूस वेगळा नेमून ठेवावा.